अंबाडीचं पाणी

देऊळघाट,
१२ नोव्हेंबर १९६४

चि. मोतीराम भाऊजी यांस अनेक आशीर्वाद. चिखलीस सगळी खुशाल असाल.

दोन आठवड्यांपूर्वी एका सकाळी अंगण झाडलं, चूल सारवली, भाकरीच्या पिठातलं मूठभर बाजूला काढलं आणि पैनगंगेच्या डोहावर गेले. माशांना गोळ्या टाकायचा नेम तुमच्या दादांचा. ते गेल्यापासून मी चालवते. दुसरं कोणी माझी वाट पाहत नाही.

एरवी गोळी पडली की मासे वर येतात, उचलतात, बुडी मारतात. त्या दिवशी मी पोचायच्या आधीच काठाला दाटी, तोंडं उघडी. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. वाटलं, आता ओळखतात. दुसऱ्या दिवशी पीठ जास्त नेलं.

गोजरबाई धुणं घेऊन आली होती. म्हणाली, "काऊन वं, गावजेवण घालून राह्यली का?"

"भुकेले हायेत बिचारे."

"भुकेले कायचे! गोळी तोंडापुढं तरंगून राह्यली, एकानं तरी खाल्ली का? जीव गुदमरून राह्यला त्यायचा."

मग नीट पाहिलं. काहींच्या अंगावर पांढुरके चट्टे होते. दोन मासे उलटे तरंगत होते. पाणी काळं, कुजका वास. वरच्या अंगाला दगडांखाली अंबाडीच्या पेंढ्या, दोरांचा वाख सुटावा म्हणून कुजत घातलेल्या. तुमच्या शेतातल्या. तुमचं शेत वाट्यानं करणारा बटईदार म्हणाला, "मालकाले विचारा."

त्यानंतर तुम्हाला एक पत्र टाकलं, पण त्यात नुसती खुशाली लिहिली. वाटणीनंतर तुम्ही वर्षातून एकदाच येता, अंबाडी कुजली की वाख सोलायला. दोन दिवस ओसरीवर माणसाचा आवाज असतो. पेंढ्या काढा म्हटलं आणि तुम्ही रागावलात, तर तेही जाईल. म्हणून मी अंबाडी कुजायची वाट पाहत बसले, आणि रोज मेलेले मासे पाहून घरी येत राहिले.

काल पत्र इथेच थांबवलं होतं.

आज सकाळी गोजरबाईला सोबत घेऊन डोहात उतरले. सगळ्या पेंढ्या बाहेर ओढल्या, तुमच्या बांधाजवळच्या खड्ड्यात घातल्या आणि घागरींनी पाणी भरलं. खड्डा अजून अर्धाच भरलाय. अंबाडी नासलेली नाही, सोलायला या. माशांना आज पीठ टाकलं नाही. नुसती काठावर बसले.

तुमची, अजून इथेच असलेली,
सत्यभामा वहिनी