सरांनी न तपासलेली पायरी

आदरणीय बाबा,
पुण्याहून संघप्रियाचा जय भीम. मी बरी आहे, वेळेवर जेवते. पेडगावात आईचा गुडघा आता कसाय?

तुमी शाळेत शिकवता ना, तक्त्यातल्या आकड्यांच्या आधी आडव्या ओळी मिळवा नाहीतर उभ्या, बेरीज एकच. पण बेरीज अनंतापर्यंत गेली आणि अधिक-उणे मिसळले, की क्रम बदलल्यावर उत्तरही बदलू शकतं. म्हणून सगळं अधिक धरून बेरीज मर्यादित राहते का, ते आधी बघावं लागतं. माझ्या पीएचडीच्या सरांच्या गाजलेल्या सिद्धतेत ते बघितलेलंच नाही. माझा प्रबंधही तिच्यावरच उभा आहे. मी दोन्ही क्रमांनी करून पाहिलं, उत्तरं वेगळी आली.

ते सगळं वहीत मांडून मी सरांना दाखवलं. सर वही मिटून हळूच म्हणाले, "कुणाला दाखवलंस?"

"कुणालाच नाही, सर."

"वही इथंच ठेव."

तेव्हापासून ते माझ्याशी बोलेनात. आज विभागातल्या माझ्या टेबलावर दुसऱ्याच्या नावाची पट्टी लागली.

वही दाखवण्याआधीच मी त्या गणिताची नक्कल काढली होती, ती सोबत पाठवायलेय, जपून ठेवा. कुणी चौकशीला आलं तर मला कळवा, आईला घाबरवू नका.

गुरुवारी विभागासमोर माझं व्याख्यान आहे. सरांचा निरोप आला, 'त्या दोन उत्तरांचं तेवढं पान गाळ.' मी सुरुवात त्याच पानानं करणार आहे.

तुमची लेक,
संघप्रिया