नातू झोपू लागल्याची तक्रार

दोस्त गैबी,

आकारामचा रामराम घे आणि सलामही घे. मेहमुदा वहिनींचा गुडघा आता काय म्हणतो? तुझा पोरगा साद मागांच्या शेडवर वेळेत येतो का, की अजून दुपारीच उगवतो? मी मजेत आहे, असं पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. फोनच केला असता, पण मागच्या खेपेला तू इचलकरंजीतला पाऊस सांगत होतास आणि मी माझी मूळव्याध, हे आपल्याला शेवटी कळलं. (जन्म मागांच्या खडखडाटात गेल्यावर कान शिल्लक राहतात कुठले!)

तर विषय राजवीरचा. माझा नातू दिवसा देवासारखा झोपतो आणि रात्री सगळ्या कोल्हापूरला जागं ठेवतो, हे तुला ठाऊक आहेच. सूनबाईंनी, म्हणजे अनुजाने, मोबाइलवर झोपेचा कोर्स लावला. बाळाला जागंच पाळण्यात ठेवायचं आणि रडलं तरी उचलायचं नाही. पहिल्या रात्री बाळ रडलं, मग अनुजा रडली, मग ऋतुराजही डोळे पुसायला लागला. (माझाच मुलगा, पण काळीज आईचं घेतलंय.) मग गाडीत घालून रंकाळ्याला फेऱ्या सुरू झाल्या. गाडी चालू असली की पोर झोपायचं आणि स्पीडब्रेकर आला की उठायचं. एकदा हवालदाराने गाडी अडवली. "पावणं, रातचं कुठं निघालाय?" त्याने हळूच विचारलं. मला ऐकू आलं नाही, म्हणून मी शेडमधल्या आवाजात "काय म्हंता?" म्हणालो. राजवीरने असा काही सूर लावला की हवालदार "जावा की, जावा!" म्हणत स्वतःच मागं सरकला.

शेवटी माझी नेमणूक झाली. कारण माझी हुशारी नव्हे, माझे कान. रडणं ऐकूच येत नाही तो माणूस घाबरेल कशाला? मी पोराला खांद्यावर घेतलं आणि सवयीने तोंडाने मागावर धावणाऱ्या धोट्याचा आवाज काढायला लागलो, खटाक-खट, खटाक-खट, आणि त्याच ठेक्यात पाठीवर थोपटत राहिलो. गैबी, पोर झोपलं! तुझी वहिनी गेल्यापासून माझी कुणाला गरज लागली नव्हती. आता घरातली दोन शिकलेली माणसं रोज रात्री माझ्या दारात उभी राहायची. "आण्णा, येताय न्हवं?" मी मुद्दाम थोडा वेळ लावायचो. (माग बिघडल्यावर जॉबरला बोलावलं की त्याने लगेच येऊ नये, हे तूच शिकवलंस.)

आणि मग माझी अक्कल गहाण पडली. एका रात्री घसा बसला, म्हणून मी सादकडून तुझ्या शेडची रेकॉर्डिंग मागवली. पोराने शहाण्यासारखी रात्रभर पुरेल एवढी भरून पाठवली. ऋतुराजने ती पाळण्याशेजारी लावली, आणि राजवीर सकाळपर्यंत हलला नाही. सगळे मला शाबासकी देत होते आणि मी मनात स्वतःला शिव्या देत होतो. माझ्या जागी मीच मशीन बसवलं, रे. काल ऋतुराज म्हणाला, "आण्णा, आता तुमी निवांत झोपा. इचलकरंजीला घराकडं जायचं तर जावा की." प्रेमानेच म्हणाला. तेच जास्त लागलं.

इतकंच. तब्येत सांभाळ.

तुझा,
आकाराम

ता. क. : खरं काम हे. सादला सांगून नवी रेकॉर्डिंग पाठव. त्यात मध्येच मेन स्विच पाडायचा आणि पुढे नुसती शांतता ठेवायची. लाइट गेल्यासारखं वाटलं पाहिजे. माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस.

आणखी ता. क. : पाठवू नकोस. आज सकाळी अनुजाने केस विंचरले होते. कित्येक दिवसांनी तिचं तोंड माणसासारखं दिसलं. चहा देताना गुणगुणत होती, म्हणजे ओठ तरी हलत होते. माझ्या करमणुकीसाठी त्या पोरीची झोप मोडायची म्हणजे पाप.

शेवटचं : पत्र खिशातच राहिलं. रात्री पाळण्याजवळच्या मोबाइलची बॅटरी आपोआप संपली. (खरंच आपोआप.) मी खांद्यावर टॉवेल टाकून धावत गेलो. राजवीरने कूस बदलली आणि झोपला. त्याला आता मागही लागत नाही आणि मीही. रविवारच्या एसटीने येतो, घराची किल्ली काढून ठेव. ऋतुराजकडून राजवीरचं जुनं रडणं मोबाइलमध्ये भरून घेतलंय. त्याशिवाय मला झोप लागत नाही. आवाज फार मोठा ठेवावा लागतो, गल्लीतले भांडायला आले तर तेवढं सांभाळून घे.