मोतीवाल्याच्या कॅसेटवरची सही

अल मजाज, शारजा
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय ऑस्कर,
अ. उ. आ.

व्हॉट्सॲपवर हे लिहायला हात धजेना, म्हणून पत्र. इकडे सगळं क्षेम. रोझलिनचा गुडघा दुखतो, पण माझी बायको आहे, तोंड चालूच.

अल बर्शाच्या मॉलमध्ये जुन्या होम कॉम्प्युटरच्या खेळांचं प्रदर्शन लागलंय. तिथे तुझा ‘मोतीवाला’ आहे, अन् वर तुझं नाव हे एवढं मोठं. खरं सांगतो, पोटात दुखलं. शहाऐंशी साली आपण दोघे भाऊ इथे एका खोलीत राहायचो. प्रोग्रॅम तू लिहायचास, मान्य. पण हॉटेलची ड्युटी संपवून रोज तो खेळ खेळायचो मी, चुका वहीत लिहून द्यायचो मी. खेळ सुरू झाला की टीव्हीवर नाव मात्र तुझ्या एकट्याचं. एकोणचाळीस वर्षं हे गिळून बसलोय.

तिथे खेळायलाही देतात. मी बसलो, आणि तिसऱ्या तळावरच्या शार्कला चुकवून मोती वर आणला. पोरं गोळा झाली. एकाने विचारलं, “अंकल, यू मेड धिस?” मी हो म्हणालो. प्रदर्शनवाल्या सँड्राने खेळाच्या जुन्या कॅसेटचं कव्हर पुढे केलं, त्यावर मी तुझ्या नावाने सही ठोकली. दहा मिनिटं राजा होतो. रोझलिन म्हणाली, लाज वाटायला हवी. वाटतेय. पण हेवाही वाटतोच, तो काही खलास होत नाही.

चिडलास तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा दादा,
सिप्रियन

वसई
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

सहीचं मला आधीच कळलं होतं. सँड्राने महिन्यापूर्वी व्हिडिओवर माझी मुलाखत घेतली होती, त्यामुळे ती मला ओळखते. सहीतलं नाव वाचून तिने त्याच दिवशी फोन करून विचारलं की कव्हरचं काय करू. मी म्हटलं, भाऊ आहे माझा, राहू दे.

मुलाखतीत तिने मला खेळून दाखवायला सांगितलं होतं. मी पाठदुखीचं निमित्त काढलं. मीच लिहिलेल्या खेळात मी तिसऱ्या तळापर्यंत कधीच पोहोचलो नाही. तू मात्र दमूनभागून यायचास आणि गप्पा मारत मारत पोहोचायचास. माझा नुसता जळफळाट व्हायचा. दुसरं नाव टाकायला मेमरीत जागाच उरली नाही, असं मी तेव्हा तुला सांगितलं होतं. जागा होती, दादा.

प्रदर्शन मार्चअखेरपर्यंत आहे. जाऊन माझ्या नावाची सही खोड आणि स्वतःची कर.

शिव्या घालायच्या तर भरपूर घाल, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.
तुझा,
ऑस्कर