आईची मेस आणि माझं मॅनेजमेंट

३ मे १९९९, लातूर
एमबीएचं पहिलं वर्ष झालं. नांदेडहून सकाळच्या एसटीनं घरी. वर्गातले बाकीचे समर प्रोजेक्टला पुण्याच्या कंपन्यांत गेले. मला एकाही कंपनीनं बोलावलं नाही. त्यांचं नुकसान. दुसऱ्याच्या हाताखाली राबणं माझ्या पिंडात नाही.
प्रोजेक्ट ठरला: आईची मेस. क्लासला आलेली अकरावी-बारावीची पोरं जेवतात ती. विषय, 'आजारी उद्योगाचं पुनरुज्जीवन'. आई म्हणाली, आजारी कुटं हाय? पंगतीला जागा पुरंना झालीय. मी समजावलं, रोग्याला रोग कळत नसतो.

५ मे
ऑर्गनायझेशन चार्ट भिंतीवर लावला. सगळ्यात वर मी. खाली आई, तिच्याखाली सिंधुमावशी. मावशी भाकरी करतात. त्यांनी विचारलं, पंचाक्षरी, तू वर बसून काय करणार? म्हटलं, प्लॅनिंग. त्या म्हणाल्या, बरं, मग जरा पाय वर घेऊन बस, मला झाडायचंय.

९ मे
टाइम अँड मोशन स्टडी. घड्याळ घेऊन मावशींच्या मागं उभा राहिलो. त्या भाकरी थापताना आईशी बोलतात. शुद्ध अपव्यय. बोलणं बंद केलं. दोघी इतक्या गप्प झाल्या की भाकरी करपल्या तरी कुणी कुणाला सांगितलं नाही. याला रेझिस्टन्स टू चेंज म्हणतात. पुस्तकात आहे.

१३ मे, रात्र
मेनूचं विश्लेषण. पुस्तकात नफ्याच्या मालाला दुभती गाय म्हणतात, बिनफायद्याच्या मालाला कुत्रा. वरण म्हणजे दुभती गाय, पिठलं म्हणजे कुत्रा. कुत्रा काढून टाकायचा असतो. आईला एवढंच सांगितलं. अन्नाला कुत्रं म्हणतूस, म्हणून ती संध्याकाळपर्यंत बोलली नाही. तांत्रिक संज्ञा आहे, हे मावशींमार्फत कळवलं. पिठलं बंद.

१८ मे
सेगमेंटेशन. डॉक्टर होणारे एकीकडे, इंजिनिअर होणारे दुसरीकडे. डॉक्टरांना पालेभाजी, इंजिनिअरांना उसळ. हदगावचा जीशान, आमचा सगळ्यात जुना मेंबर, म्हणाला, भैय्या, मी बायोलॉजी बी घेतलंय अन् मॅथ्स बी, मी कुटं बसू? हा प्रश्न पुस्तकात नाही. तो उभ्यानं जेवला.

२४ मे
सूचनापेटी उघडली. सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच शब्द: पिठलं. सॅम्पल सदोष. पेटी बंद.

२८ मे
काही पोरं यायची बंद झाली. ग्राहकांची चाळणी होत आहे, चांगलं लक्षण. आईला ते पटत नाही. म्हणाली, परीक्षेची पोरं हायत, उपाशी अभ्यास करत्याल. मग एकदम आवाज चढला. भूकंपात गाव गेलं तवा पत्र्याच्या शेडात एका चुलीवर अख्ख्या गल्लीला मी जेवू घातलं. तवा कोन्ता चार्ट व्हता?
मी शांतपणे सांगितलं, ते क्रायसिस मॅनेजमेंट. रेग्युलर वेगळं असतं.
तिनं माझ्याकडं बघितलं. मग भिंतीवरच्या चार्टाकडं. बहुतेक मुद्दा पटला असावा.

२९ मे
आईनं पळी माझ्या हातात दिली आणि गेली. कुठं ते सांगितलं नाही. मावशीही आल्या नाहीत. टॉप मॅनेजमेंटला विचारल्याशिवाय रजा! ठीक आहे. कुणावाचून संस्था अडत नाही. वरण मीच केलं. जीशाननं एक घास घेतला, तांब्याभर पाणी प्यायला आणि, भैय्या, टेस्ट है आज, म्हणाला. चव आवडली असं वाटलं. त्याची टेस्ट परीक्षा होती, हे तो निघून गेल्यावर समजलं.

१ जून
कुणीच नाही. याला स्ट्रॅटेजिक पॉज म्हणू. वरण मीही खाल्लं नाही.

२ जून
स्पर्धकांचा अभ्यास करायला बाहेर पडलो. भुकेचा संबंध नाही. सिंधुमावशींच्या अंगणात चपलांचा ढीग. आत आई वाढत होती. आमची सगळी पोरं, डॉक्टर-इंजिनिअर एकमेकांत मिसळून. मावशी भाकरी थापत होत्या आणि दोघींची तोंडं अखंड चालू.
मी दारातच उभा. ठरवलं होतं, आत जायचं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. आई म्हणाली, हात धू अन् बस. बसलो.
शेजारी जीशानचे वडील तय्यबभाई होते, मुलाला भेटायला हदगावहून आलेले. आईनं त्यांना मोठ्या कौतुकानं सांगितलं, ह्यो माझा लेक, नांदेडला विद्यापीठात मॅनेजमेंट शिकतो.
तय्यबभाई अदबीनं माझ्याकडं वळले. म्हणाले, माशाल्ला. अन् बेटा, त्यात काय शिकवतात?
मावशींचा हात परातीत थांबला. आईही ऐकायला उभी राहिली, तिलाही हे कधीचं विचारायचं असावं.
मी घास गिळला. म्हटलं, आत्ता तर पहिलंच वर्ष झालंय.