कबरस्तानातले तेवीस नळ

प्रिय अपेक्षा,

तू बदललेल्या रस्त्याची फाईल मंगळवारी मिळाली. आज शनिवार. चार दिवस मी काही कळवलं नाही, कारण मी रागावलो होतो, आणि ते तुझ्या आईने तुला एव्हाना सांगितलं असेलच. फोन केला असता तर तिसऱ्या वाक्याला तू जर्मनमध्ये शिरली असतीस, आणि जर्मनमध्ये मला भांडता येत नाही. त्या भाषेत मी फक्त कामाचं बोलू शकतो. म्हणून लिहितोय. तू मराठी वाचायला शिकावीस म्हणून एकाच घरात राहून मी तुला रोज पत्र लिहायचो आणि फ्रिजवर लावायचो, तेव्हा माझं अक्षर तुला लागेल. हळू वाच. मुद्दे बरेच आहेत.

पहिला मुद्दा म्हणजे चार वर्षं. फ्रान्समधला साव्हेर्न ते दिजाँ हा आपल्या दोघांचा सायकलचा रस्ता मी चार हिवाळे नकाशावर बसून काढला. चारशे अडतीस किलोमीटर, त्यात डांबरी फक्त एकसष्ट. बाकी जंगलवाटा, शेतवाटा, खडी. उपग्रहाच्या फोटोत वाटेवर चाकांच्या दोन रेघा आणि मधे गवताची पट्टी दिसली की तिथून ट्रॅक्टर जातो, म्हणजे आपलं चाळीस मिलिमीटरचं टायरही जाईल. एकच रेघ असेल तर ती गुरांची. हे मला कुणी शिकवलं नाही. कंपनीच्या मेसराउममधलं, म्हणजे मोजमापाच्या खोलीतलं, यंत्रही मला कुणी शिकवलं नव्हतं. मॅन्युअल जर्मन होतं, मी डिक्शनरी घेऊन बसलो. आज डिग्रीवाले इंजिनिअर शंका आली की तो सुटा भाग हातात घेऊन माझ्याच टेबलाशी येतात, आणि मी सांगितलेला आकडा कागदावर लिहून नेतात.

फ्रान्सच का, असं विनयकाकांनी विचारलं होतं, तू तेव्हा इथेच होतीस. इकडे जर्मनीत जंगलात गेलं तरी कुणीतरी आधी येऊन आपल्यासाठी विचार करून ठेवलेला असतो. दर अर्ध्या किलोमीटरला बाक, बाकावर पाटी, पाटीवर बाण. तिकडे शेतातून वाट निघते आणि ती कुठे जाते ते कुणी सांगत नाही. तशा जागी आपण काढलेली रेघ बरोबर निघाली तर ती आपली असते. मला तेवढंच हवं होतं, आणि ते तुझ्याबरोबर हवं होतं.

आता तू काय केलंस ते बघ. चारशे अडतीसचे दोनशे शहाण्णव केलेस. दुसऱ्या दिवशीचा व्होज डोंगरांच्या जंगलातला चढ, एक पूर्णांक चार किलोमीटर, अकरा टक्के, ज्याच्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला, तो उडवलास आणि तिथे कालव्याचा काठ घातलास. कालवा, अपेक्षा. टेबलासारखा सपाट. त्यासाठी खडीवर चालणारी सायकल कशाला, ब्रेडच्या दुकानात जायची टोपलीवाली सायकल पुरली असती. मुक्कामाला मी एका शेतावरची खोली धरली होती, तिथल्या बाईंना मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये तीन मेल लिहून. त्याऐवजी तू सारबुर्ग, ल्युनेव्हिल, एपिनाल, लान्ग्र, अशी सगळी स्टेशनजवळची हॉटेलं टाकलीस. आणि माझे तेवीस नळ पुसलेस. तिकडच्या खेड्यात दुकान बंद असतं, बेकरी बंद असते, रस्त्यावर माणूस नसतो, पण कबरस्तानात फुलांना पाणी घालायला नळ असतो. लांबचे सायकलवाले पाणी तिथेच भरतात. भिंतीआडचे हे नळ रस्त्यावरच्या फोटोंतून शोधायला मला एक अख्खा डिसेंबर लागला. 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी दिसली तर भरू नये, हेसुद्धा मी प्रत्येक खुणेखाली लिहिलं होतं. तू एकूण एक खूण काढून टाकलीस, आणि खाली जर्मनमध्ये एवढंच, की पप्पा, हा रस्ता, नाहीतर मी येणार नाही. सोमवारपर्यंत सांगा, मला सप्टेंबरची सुट्टी टाकायची आहे.

मी बुधवारी ठरवलं होतं की नाही म्हणायचं. दुसऱ्याने काढलेल्या कालव्यावरून फिरायला मी काही पेन्शनर नाही. तुझ्या आईने मात्र बटाटे चिरता चिरता ऐकवलं, "अहो, पोरीने रस्ता पाठवलाय, तुम्ही पंचनामा काय करताय?" मी म्हटलं, पंचनामाच करणार. गुरुवारी सुट्टी घेतली आणि तुझी रेघ माझ्या रेघेवर ठेवून एकेक फरक मोजायला बसलो. तुझ्या चुका किलोमीटरसकट पाठवायच्या होत्या. पण आमच्या कामात एक गोष्ट कळते. एक भाग चुकला तर ती चूक असते. पाच भाग एकाच बाजूला, एकाच मापाने सरकलेले असले तर ते कुणीतरी मुद्दाम केलेलं असतं. तुझी रेघ माझ्यापासून पाचदा अशीच सरकली होती. मला वाटलं, स्टेशनांसाठी. ते जुळेना. मग नकाशावर दुकानं, दवाखाने असं एकेक चालू करून पाहिलं, आणि शेवटी हॉस्पिटलं.

तुझ्या रस्त्यावरची एकही जागा हॉस्पिटलपासून अठरा किलोमीटरपेक्षा लांब नाही. एके ठिकाणी सरळ वाटेने ते एकवीस झालं असतं, तर तिथे तू रस्ता वाकवून एक अख्खं खेडं टाळलंस. मी तीनदा मोजलं. मग कॉम्प्युटर बंद केला आणि तुझ्या आईला विचारलं, हिला काय सांगितलंस. ती म्हणाली, "मी काही सांगितलं नाही. ती ईस्टरला आली तेव्हा गोळ्यांची डबी टेबलावर होती. लपवायची विसरले की नाही विसरले, ते माझं मलाच ठाऊक नाही."

म्हणजे तुला एप्रिलपासून माहीत आहे. मार्चमध्ये मी तुला सांगितलं होतं, की कंबरेसाठी तीन आठवडे रेहामध्ये, म्हणजे व्यायाम-उपचारांच्या केंद्रात, आहे. तू विचारलंस, कंबरेत नक्की कुठे, आणि मी चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधे असं सांगितलं. खोटंसुद्धा मी मोघम बोलत नाही. तू पलीकडून आल्झो, गुट, म्हणजे बरं तर, म्हणालीस आणि हवामानाचं काढलंस. ईस्टरला माझ्याशेजारी बसून नकाशा बघत राहिलीस आणि तोंडातून एक शब्द काढला नाहीस. मग घरी जाऊन बापाच्या वाटेवरची तेवीस कबरस्तानं गुपचूप पुसलीस. ते का, हे कळायला मला गुरुवारची दुपार लागली. नळ पुसल्याचा राग मी मागे घेतो. चढाचा घेत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते लिहितो. नऊ मार्चला माझ्या हृदयात दोन स्टेंट घातले. तुला कळवू नको असं तुझ्या आईला मी बजावलं होतं, तिचा दोष नाही. डॉक्टर सायकल चालवा म्हणतात, पण ठोके मिनिटाला एकशेवीसच्या वर जाता कामा नयेत. मागच्या रविवारी मी घरामागच्या द्राक्षमळ्यांच्या चढावर गेलो. सहा टक्क्यांचा चढ, जिथे तू आठवीत असताना मी तुला गाठू द्यायचो नाही. चारशे मीटरला एकशेएकतीस झाले. उतरलो. समोरून एक जोडपं येत होतं, तर मी पंप काढून भरलेल्याच टायरमध्ये हवा भरत बसलो. राग मला तुझा नाही, अपेक्षा. ही एक गोष्ट अशी आहे की जी मला मॅन्युअल घेऊन उघडता येत नाही. तो अकरा टक्के मी चढणार नाही, या सप्टेंबरमध्ये नाही आणि पुढच्याही नाही. पण न चालवलेला रस्ता म्हणजे न मोजलेला भाग, कागदावर कितीही बरोबर असो. कुणीतरी त्यावरून गेलं पाहिजे. तेव्हा असं कर. तू माझ्या रस्त्याने जा, सगळे चढ घे. मी तुझ्या कालव्याने येतो. माझे मुक्काम मी तुझ्या गावांना आणून जोडलेत, त्याने तुझे एकूण सत्तावीस किलोमीटर वाढतील, ते तुला जड नाहीत. फाईल सोबत पाठवतो. संध्याकाळी एका टेबलावर बसून मला सांगायचं, की कुठे चिखल होता, कुठे वाटच नव्हती, कुठे मी गुरांची रेघ ट्रॅक्टरची समजलो. जर्मनमध्ये सांगितलंस तरी चालेल. नुसतं छान होतं म्हणू नकोस. सोमवारी सुट्टी टाक.

कालव्याच्या काठाने येणारा,
तुझाच,
पप्पा