वरच्या मजल्यावरचा उन्हाळा

मॅडम, काल माझ्या लेकीचा फोन आला होता. पुण्यात तिच्या वसतिगृहात एसी आहे आणि रिमोट दुसऱ्या मुलीच्या ताब्यात. त्यामुळं ऐन एप्रिलात ही रजई पांघरून अभ्यास करते. "आई, गारठून गेले गं!" मला हसू आलं, आणि मग तुम्ही आठवलात.

खामगावच्या आमच्या वसतिगृहाच्या तुम्ही रेक्टर, तुमची खोली तळमजल्यावर. आम्ही थेट स्लॅबखाली. दिवसभर स्लॅब तापायचा आणि पंखा तीच गरम हवा फिरवायचा. आम्ही ओल्या चादरी खिडकीला लावायचो, फरशीवर पाणी ओतून त्यातच पुस्तक घेऊन लोळायचो. एकदा ते पाणी जिन्यानं खाली आलं आणि तुम्ही तणतणत वर आलात. "काऊन वं पोरींनो, इमारत बुडवता काय?" बोलता बोलता तुमचं लक्ष माझ्याकडं गेलं. मी भिंतीला टेकून बसले होते, उठवत नव्हतं. शेजारी भरलेली पिशवी. संग्रामपूरहून बाबांचा निरोप आला होता, तब्येत सांभाळ, नाही जमलं तर परीक्षा सोडून घरी ये. तुम्ही माझ्या कपाळाला हात लावलात, कॉटवर बसलात, गादी चाचपून पाहिलीत. तीही तापलेली.

"गाद्या उचला," म्हणालात. "साऱ्याजणी खाली माह्या खोलीत चला. अन् तू घरी-बिरी कुठी जाऊ नको. पेपर झाल्याशिवाय मी तुले सोडत नाही."

तुमची खोली ती केवढीशी! आम्ही दाटीवाटीनं कूलरसमोर, तुमचा पलंग व्हरांड्यात. एका दुपारी लाईन गेली, कूलर थांबला. मी डोळे मिटून पडलेली, तर अंगावर वारा येतो. पापण्यांच्या फटीतून पाहिलं, तुम्ही उशाशी बसून पुठ्ठ्यानं वारा घालताय, एकीला, मग दुसरीला. ब्लाउज घामानं चिंब. हात भरून आला की हात बदलता, पण थांबत नाही.

मी पास झाले, शिक्षिका झाले. पेढे घेऊन आले तेव्हा तुम्ही देवाघरी गेल्याचं कळलं.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? पण एक सांगते. त्या दुपारी मी जागी होते. आई गेल्यापासून मला कुणी असा वारा घातला नव्हता. डोळे पुरते उघडले तर तुम्ही थांबाल, म्हणून तशीच पडून राहिले.