गप्प पेशींना दिलेले दहा सेकंद

सोमवार, ४ नोव्हेंबर

एकसष्ट! दोन वर्षांत एकसष्ट पेशी मी वहीत ‘मेलेली’ म्हणून सोडून दिल्या. शोधनिबंधाचं शेवटचं प्रूफ तपासायला जुन्या वह्या काढल्या, तर प्रत्येक नोंदीपुढे माझ्याच अक्षरात — ‘१० से. थांबले.’ निबंधात मात्र तीस सेकंद.

ठरलं तीसच होतं. दहा कधी झालं?

मंगळवार, ५ नोव्हेंबर

नीट लिहून काढते, म्हणजे पळवाट राहणार नाही. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतःचं जाळं असतं. मेंदूला न विचारता ते आतडं हलवतं. एका पेशीला दुसरीकडून संदेश येतो तो दोन तऱ्हांचा — जलद, पापणी लवायच्या आत संपणारा. आणि मंद, मिनिटभर हळूहळू चढत राहणारा. आम्ही गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा बशीत टाचतो, काचेची सुई एकेका पेशीत घालतो, आणि कोण कोणता संदेश घेतं ते बघतो.

काही पेशी डिवचल्यावर एकदा उत्तर देतात आणि मग पंधरा-वीस सेकंद गप्प. मेलेल्या नसतात, सावरत असतात. म्हणून तीस सेकंद थांबून पुन्हा डिवचायचं. तरीही गप्प असली तरच मेलेली.

तुकडा दुपारनंतर खराब होतो. मी घाई केली. आणि मंद संदेश घेणाऱ्या बहुतेक ह्याच गप्प पेशी! निबंधाचा निष्कर्ष काय, तर मंद संदेश घेणाऱ्या पेशी फार थोड्या.

ह्याच निबंधाच्या जोरावर माझी कायम नेमणूक व्हायची आहे. मुलाखत पंचवीसला.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, “पोटाला एवढी स्वतःची अक्कल, तर काल मी तिसऱ्यांदा वाढून का घेतलं?” आणि मग — “पण कुणाला कळणार आहे?”

मला कळलंय. तेच तर दुखणं.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आमच्या विभागप्रमुख सरांच्या कानावर घातलं. “अहो, तीस लिहिलंय ना? मग तीस!” चहा मागवला. विषय संपला.

मी तो चहा प्यायले, हेही लिहून ठेवते.

सोमवार, ११ नोव्हेंबर

तीन दिवस नव्याने सुया घातल्या. तुकडे टाचून दिले काकांनी — आमचे प्रयोगशाळा सहायक, बावीस वर्षं हेच करतायत. ह्या खेपेला टेबलावर घड्याळ. बारा गप्प पेशी. तीस सेकंदांनी नऊ बोलल्या! त्यांतल्या आठांनी मंद संदेश घेतला.

काका म्हणाले, “आज फार निवांत दिसताय, मॅडम.”

आधी आनंद झाला, लाज नंतर वाटली. क्रम हाच होता.

बुधवार, १३ नोव्हेंबर

संपादकांना पत्र पाठवलं — तीस नव्हे, दहा सेकंद थांबले होते. निबंध मागे घेते. मसुद्यात ‘अनवधानाने’ हा शब्द होता. खोडला. पुन्हा लिहिला. पुन्हा खोडला.

निबंधावर सरांचंही नाव आहे, म्हणून प्रत त्यांना दिली. म्हणाले, “पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर घ्या, पण मध्ये माझा पाय होता!” मुलाखतीबद्दल बोलले नाहीत. बोलण्यासारखं उरलं नसावं.

झोप मात्र छान लागली.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

संपादकांचं उत्तर. निबंधाच्या जागी पत्रच जसंच्या तसं छापणार. ‘असा काटेकोरपणा दुर्मीळ आहे.’

दोनदा वाचलं. बरं, चारदा.

सोमवार, १८ नोव्हेंबर

काकांना पत्र दाखवलं. “दहा?” म्हणाले. “मॅडम, तुम्ही तर मनातल्या मनात मोजायचात. मी मागेच उभा असायचो. आता मोजा बघू, तस्संच.” सुई हातात धरली, दहापर्यंत मोजलं, मान वर केली. काकांनी वेळ लावलेला मोबाइल पुढे धरला.

चार सेकंद.